मुरायला वेळ कुणाकडे आहे?

अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, पण चाहत्यांची एक मोजणी त्याआधीच उरकलेली असते. आपल्या संघात एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, क्लबांनी ड्राफ्टमध्ये (तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडून ठेवलेली पोरं किती? त्यातली पहिल्या फेरीतली किती? शेजारच्या विद्यापीठाकडे किती? ज्याचा आकडा मोठा त्याचं यंदा चांगभलं, असं धरून हंगामाची तिकिटं घेतली जातात. माझ्या मते ही मोजणीच चुकते. मोजायचंच असेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षातली पोरं मोजावीत. आली तेव्हा ती काय होती आणि आज काय आहेत, हे पाहावं. कॉलेज हॉकीकडे एक गोष्ट होती जी उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच हॉकीकडे एवढी नव्हती : सवड. अलीकडच्या नियमबदलांत पहिला घाव याच सवडीवर पडणार आहे, आणि तो कुणाच्या ध्यानातही येणार नाही, कारण आपण भलतंच काही मोजत बसलोय.

हॉकी म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे टर्फ आणि पेनल्टी कॉर्नर येतो त्यांच्यासाठी थोडी ओळख. इथे पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज हॉकीच्या सर्वांत वरच्या थरात, साठच्या वर संघ आहेत, बहुतेक सहा कॉन्फरन्समध्ये (गटांमध्ये) विभागलेले. त्यांतले १६ राष्ट्रीय स्पर्धेत जातात आणि शेवटचे चार ‘फ्रोझन फोर’मध्ये. बारावी झाली की पोरगा थेट कॉलेजात येतो, असं मात्र इथे सहसा होत नाही. तो आधी एक-दोन वर्षं ज्युनियर हॉकी खेळतो : अमेरिकेतली यूएसएचएल, तिच्या खालची एनएएचएल, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातली बीसीएचएल. त्यामुळे पहिल्या वर्षाचा खेळाडू बहुधा १९-२० वर्षांचा असतो आणि चौथ्या वर्षाचा २३-२४ चा. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या चाहत्यांना हे विचित्र वाटतं. कॉलेज हॉकीचं सगळं सामर्थ्य मात्र यातच आहे.

पुरावा म्हणून तीन सलग वर्षं बघा. २०२१च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या पाचांपैकी चौघं, म्हणजे ओवेन पॉवर, मॅटी बेनिअर्स, ल्यूक ह्यूज आणि केंट जॉन्सन, पुढच्या हंगामात मिशिगनसाठी एकत्र खेळले. असा संघ पुन्हा जमणं कठीण. २०२२च्या फ्रोझन फोरच्या उपांत्य सामन्यात डेन्व्हरने त्यांना जादा वेळेत ३-२ असं घरी पाठवलं. २०२३ला मिनेसोटाकडे लोगन कूली, मॅथ्यू नाइज आणि जिमी स्नगरूड होते, जिंकलं क्विनिपिअ‍ॅक. जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला विजयी गोल करणारा त्यांचा जेकब क्विलन ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेला नव्हता. २०२४ला बोस्टन कॉलेजकडे विल स्मिथ, रायन लेनर्ड, गेब पेरो आणि कटर गोथिए, चौघंही पहिल्या फेरीतले. अंतिम सामन्यात डेन्व्हरने त्यांना एकही गोल करू दिला नाही, २-०. डेन्व्हरच्या गोलमध्ये मॅट डेव्हिस होता. तोही ड्राफ्ट न झालेला, तिसऱ्या वर्षाचा, आधीची दोन वर्षं बहुतेक बाकावर बसून काढलेला. त्या रात्री त्याने ३५ फटके अडवले.

डेन्व्हरकडे ड्राफ्ट झालेले खेळाडू नव्हते असं कुणी समजू नये. भरपूर होते. फरक इतकाच की त्यांच्याभोवती मुरलेली पोरंही होती. अठरा वर्षांचा अतिशय गुणी पोरगा आणि तेवीस वर्षांचा साधारण गुणी गडी यांच्यात बोर्डाला (रिंकच्या कडेच्या भिंतीला) चिकटून पकसाठी, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीसाठी, झटापट झाली, तर दहापैकी सात वेळा पक कुणाकडे जातो हे कुठल्याही रिंकवर पहिल्या दहा मिनिटांत दिसतं.

ही सवड म्हणजे नेमकं काय, ते वेळापत्रकात पाहावं. कॉलेज संघ नियमित हंगामात ३४च्या आसपास सामने खेळतो, बहुतेक शुक्रवार-शनिवारी. कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए हिच्या नियमाने हंगामात खेळासाठी आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला चार, आणि एक दिवस पूर्ण सुटी. सामना कितीही लांबला तरी तो तीन तासच धरतात. म्हणजे दोन सामन्यांचे सहा तास वजा जाता चौदा तास उरतात. त्यात बर्फावरचे तीन-चार सराव, दोन-तीन वेळा वजनं उचलणं आणि व्हिडिओ. आता कॅनडाची मेजर ज्युनियर बघा, म्हणजे सीएचएल : ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या तीन लीगांची संघटना, वयं १६ ते २०. ओएचएल आणि डब्ल्यूएचएलमध्ये नियमित हंगामच ६८ सामन्यांचा. आठवड्याला अडीचेक सामने, कधी तीन रात्रींत तीन, आणि मधले तास बसमध्ये. तिथे सामन्याची सवय लवकर लागते हे खरंच. पण एखाद्याचा खेळ मोडून पुन्हा बांधायचं म्हटलं, तर बांधायला मंगळवार-बुधवार लागतो, आणि त्यांचा मंगळवार-बुधवार प्रवासात जातो.

मोडून बांधायचं म्हणजे काय, तेही जवळून पाहू. प्रतिस्पर्ध्याने मध्यरेषेवरून पक तुमच्या मागच्या कोपऱ्यात मारला. बचावपटूने वळून मागे धावायचं, पक घ्यायचा आणि आपल्या माणसाला द्यायचा. पाठीवर एक धिप्पाड फॉरवर्ड येतोय आणि हातात दोन-अडीच सेकंद आहेत. एनएएचएलमधून आलेला सहा फूट तीन इंचांचा नवखा पोरगा सरळ पककडे जातो, नजर पकवर खिळलेली. पोचल्यावर मान वर करतो, तोवर मागचा अंगावर आदळलेला असतो. मग घाबरून तो पक बोर्डावरून वर हाकलतो. निळ्या रेषेवर प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू त्याचीच वाट पाहत उभा. पक पुन्हा आत आणि तुमची फळी पुन्हा धापा टाकत बचावात.

दुरुस्ती ऐकायला सोपी आहे. वळतानाच खांद्यावरून एकदा मागे बघायचं; पकपासून दोन-तीन मीटरवर दुसऱ्या खांद्यावरून पुन्हा. शेवटच्या दोन पावलांत वेग किंचित सोडून खांद्याने एका बाजूचं सोंग आणायचं. पकवर पोचताना स्केट काटकोनात भिंतीकडे रोखायचा नाही. पावलं उघडी ठेवून आतल्या धारेवर वळायचं, म्हणजे छाती मैदानाकडे येते. पक बॅकहँडला मिळाला तर त्याच स्पर्शात फोरहँडला आणायचा. आणि कान गोलरक्षकाकडे : ‘व्हील’ म्हणजे गोलमागून वळसा घालून घेऊन जा, ‘रिव्हर्स’ म्हणजे आल्या दिशेने मागे सोड, ‘ओव्हर’ म्हणजे पलीकडच्या जोडीदाराला दे. हे सगळं अडीच सेकंदांत.

सांगून पंधरा मिनिटांत कळतं, अंगी उतरायला दीड-दोन वर्षं जातात. सरावात दोन आठवड्यांत जमतं, कारण सरावात मागून येणारा आपलाच मित्र असतो आणि तो आदळत नाही. शुक्रवारी रात्री पहिला खराखुरा धक्का बसला की पोरगा जुन्या सवयीवर जातो. मग सोमवारी व्हिडिओ, मंगळवारी पुन्हा तेच, या वेळी कोच मागून येणाऱ्याला अंगावर जायला सांगतात. त्यातच वजनाची भानगड. दुबळ्या पोराला मांसल करायचं म्हणून एका उन्हाळ्यात सात-आठ किलो चढवलं, तर पहिली तीन पावलं जड होतात आणि डिसेंबरपर्यंत तो मागच्या वर्षीपेक्षा वाईट दिसतो. पहिल्या वर्षी चुका, दुसऱ्या वर्षी जडपणा, तिसऱ्या वर्षी कुठे खेळाडू. पहिली दोन वर्षं ज्याला सोसवत नाहीत त्याला तिसरं बघायला मिळत नाही.

झॅक हायमनची कारकीर्द याच रेषेवरची. २०१०च्या ड्राफ्टमध्ये १२३वा. मिशिगनमधल्या पहिल्या वर्षी ४१ सामन्यांत ९ गुण (गोल आणि गोलला साहाय्य मिळून). आजच्या भाषेत ‘फसलेली भरती’. चौथ्या वर्षी ३७ सामन्यांत ५४ गुण. पुढे २०२३-२४च्या एनएचएल हंगामात एडमंटनसाठी ५४ गोल. मार्टिन सेंट लुईचं तर विचारूच नका : पाच फूट आठ इंच उंची, ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, व्हरमाँट विद्यापीठात चार वर्षं, आणि २००४ साली एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू आणि स्टॅनले कप दोन्ही. जो पावेल्स्की तर २००३च्या ड्राफ्टमध्ये २०५वा. आज एनएचएलमधले साधारण एक तृतीयांश खेळाडू कॉलेजातून आलेले आहेत. त्यांतले मॅक्लिन सेलेब्रिनीसारखे एक वर्षात निघून जाणारे कुठेही असते तरी मोठे झालेच असते. कॉलेजने घडवले म्हणावं असे हे दुसरे, उशिरा पिकणारे.

त्यांना हुडकणं हाच भरतीतला खरा कस. सप्टेंबरात मिनेसोटातल्या ब्लेन गावी एकाच छताखालच्या आठ रिंकवर एनएएचएलचे सगळे संघ एकत्र येतात. साहाय्यक कोच तिथे दिवसभर एका रिंकवरून दुसऱ्या रिंकवर फिरत असतात. गोल कुणी केला हे कागदावर मिळतंच, त्यासाठी जायला लागत नाही. जाणकार माणूस पकपासून लांब असलेल्याकडे बघतो. पक गमावल्यावर पुढची पाच सेकंदं पोरगा काय करतो? थांबून लगेच उलटा निघतो, की मोठं वर्तुळ घेत मागे रमतगमत येतो? भिंतीवरचा पक बॅकहँडने सोडवता येतो का? बाकावर येऊन बसल्यावर मान खाली की नजर मैदानावर? जन्ममहिनाही बघावा. हॉकीत वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून लहानपणी निवडल्या जाणाऱ्यांत जानेवारी ते मार्चचे पोरगे जास्त असतात आणि नोव्हेंबरातला मागे पडतो. एकोणिसाव्या वर्षी हे अंतर मिटलेलं असतं, पण तोवर त्याच्या नावावर ‘दुसऱ्या फळीचा’ असा शिक्का बसलेला असतो. शहाण्या कोचांना वर्षानुवर्षं स्वस्तात चांगले खेळाडू मिळाले ते या शिक्क्यामुळेच.

आधीची व्यवस्था सोन्याची होती, असं मात्र म्हणवत नाही. २०१९पूर्वी चौदा-पंधरा वर्षांची पोरं तोंडी ‘कमिट’ करून, म्हणजे अमुक विद्यापीठात येतो असा शब्द देऊन, मोकळी होत होती. त्या वयात ना पोराला विद्यापीठ म्हणजे काय ते ठाऊक, ना कोचला पोरगा किती वाढेल ते. मे २०१९पासून दहावीच्या वर्षातल्या १ जानेवारीआधी कोचने संपर्क करायचा नाही आणि अकरावीआधीच्या १ ऑगस्टपूर्वी जागा देऊ करायची नाही, असा नियम झाला. चांगला झाला. आणि सीएचएलवरची बंदी तर सरळ ढोंग होतं. त्या लीगांत काही खेळाडूंनी एनएचएलचे करार केलेले असतात आणि सगळ्यांना किरकोळ भत्ता मिळतो, म्हणून तिथे पाऊल टाकलेला प्रत्येक पोरगा ‘व्यावसायिक’ आणि एनसीएएत अपात्र. सोळाव्या वर्षी दोन सराव सामने खेळलेला पोरगासुद्धा. त्याच वेळी २०२१पासून खुद्द कॉलेजचे खेळाडू आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे उघडपणे घेत होते. ऑगस्ट २०२४मध्ये बफेलोच्या संघीय न्यायालयात यावर दावा दाखल झाला, आणि ७ नोव्हेंबर २०२४ला एनसीएएच्या कौन्सिलने १ ऑगस्ट २०२५पासून दार उघडायचं ठरवलं. उघडलं ते योग्यच झालं. माझी तक्रार दारातून आत येणाऱ्यांबद्दल नाही. ते येत असताना मागच्या दाराने कोण बाहेर जातंय, याबद्दल आहे.

इथे आकडेमोड करावी लागते. सीएचएलच्या प्रत्येक क्लबला वीस वर्षांचे फक्त तीन खेळाडू ठेवता येतात. क्लब साठच्या वर. म्हणजे दर उन्हाळ्यात शेकडो अनुभवी, दोनेकशे सामने खेळलेले पोरगे मोकळे होतात. पूर्वी ते कॅनडातल्या विद्यापीठांत जात, सीएचएलच्या ठरलेल्या शिष्यवृत्तीवर : खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एक वर्षाचं शिक्षण. आता ते सगळे अमेरिकन कोचच्या फोनवर आहेत. वर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची एनसीएएची यादी. २०१८ला सुरू झालं तेव्हा हॉकीत विद्यापीठ बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ला पहिल्या बदलाला मोकळीक मिळाली आणि एप्रिल २०२४पासून कितीही बदला, बसायचं काम नाही. आणि एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातल्या जून २०२५च्या तडजोडीनंतर ती व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची जुनी १८ची मर्यादा गेली, पण पथकाची मर्यादा आली : २६ जण, बस्स. त्याच तडजोडीने विद्यापीठाला खेळाडूंना थेट पैसे वाटता येतात, पहिल्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ला, २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातला बराचसा फुटबॉल-बास्केटबॉल खातात, तरी हॉकीकडेही ओघळ येतो. डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट क्लबचा गॅव्हिन मॅकेना जुलै २०२५मध्ये पेन स्टेटला गेला तेव्हा सात लाख डॉलरच्या आसपासचा आकडा बातम्यांत होता. डब्ल्यूएचएलच्या शेवटच्या हंगामात ५६ सामन्यांत १२९ गुण करणाऱ्या पोराला तेवढे मिळाले तर कुणाच्या पोटात दुखू नये.

दुखावं ते सव्विसाव्या जागेबद्दल. या २६त तीन गोलरक्षक, आठ-नऊ बचावपटू, चौदा-पंधरा फॉरवर्ड. पूर्वी २८-२९ जणांचं पथक असे. शेवटचे तीन-चार म्हणजे शिष्यवृत्ती नसलेले किंवा अर्धीमुर्धी असलेले, बहुतेक त्याच राज्यातले, दोन वर्षं सरावात मार खाऊन तिसऱ्या वर्षी चौथ्या फळीत येणारे. त्या जागाच उडाल्या. आता कोचच्या जागी बसून विचार करा. एकीकडे एकोणीस वर्षांचा लांबट पोरगा, ज्याला दोन वर्षं द्यावी लागतील. दुसरीकडे एकवीस वर्षांचा, डब्ल्यूएचएलमध्ये पोळून निघालेला, परवा शुक्रवारी खेळू शकणारा. जागा एकच. कोचची नोकरी मार्चमध्ये ठरते. तो दुसऱ्याला घेणार. त्यात त्याचा दोषही नाही. पण साठ कोचांनी हाच हिशेब केला की वरून खाली ढकलाढकली सुरू होते : सीएचएलवाला यूएसएचएलवाल्याला हटवतो, यूएसएचएलवाला एनएएचएलवाल्याला, आणि एनएएचएलमधला तो सहा फूट तीन इंचांचा पोरगा डिव्हिजन थ्रीत जातो. तिथे खेळाची शिष्यवृत्ती मुळातच नसते.

दुसरं नुकसान लहान विद्यापीठांचं. त्यांची सारी मदार सवडीवर होती. मोठ्यांना नको असलेला घ्यायचा, दोन वर्षं राबायचं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच्या जिवावर मोठ्यांना हरवायचं. युनियन कॉलेजने २०१४ला मिनेसोटाला ७-४ हरवून विजेतेपद घेतलं तेव्हा ते खेळाची शिष्यवृत्ती देतही नव्हतं. आता दोन वर्षांची मेहनत फळाला आली रे आली की वसंतात पोर्टल उघडतं आणि पोरगा मोठ्या रिंकच्या विद्यापीठात. आयत्या बिळावर नागोबा. पोराला दोष देता येत नाही. त्याला जास्त पैसे, जास्त प्रेक्षक आणि चांगली संधी मिळते. पण ज्याने बीळ खणलं त्याला खणायचा काय हुरूप राहील? लहान कोचही मग तयार माल शोधू लागतो. अमेरिकन इंटरनॅशनल कॉलेज २०२४-२५नंतर डिव्हिजन वन सोडून खाली गेलं. अलाबामा-हंट्सव्हिलचा संघ २०२१पासून नाही. अशी नावं वाढली तर जागाच घटतील.

यावर नेहमीचं उत्तर असं की बाजार आपोआप जुळवून घेतो. चांगला पोरगा कुठून तरी वर येतोच. थोडं खरं आहे. पण उशिरा पिकणारा पोरगा विसाव्या वर्षी ‘चांगला’ दिसतच नाही, हीच तर अडचण. बाजाराला न दिसणारी वस्तू बाजार कशी जपणार? पी हळद आणि हो गोरी या हिशेबात झॅक हायमन दुसऱ्या वर्षीच पोर्टलमध्ये ढकलला गेला असता. ‘तुझ्यासाठी पुढच्या वर्षी खेळायची मिनिटं कमी असतील,’ एवढं एक वाक्य कोचने म्हटलं की पुरतं.

मग करायचं काय? बंदी आणून उपयोग नाही. खेळाडूच्या हालचालीवर घातलेली बेडी न्यायालयात टिकत नाही आणि टिकूही नये. पण काही गोष्टी कुणाला न बांधता करता येतील. पहिली म्हणजे २६च्या बाहेर तीन जागा : पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या, खेळाचा पैसा न घेणाऱ्या पोरांसाठी. खर्च नगण्य, कारण बर्फ, कोच, व्हिडिओ सगळं आधीच आहे. दुसरी, मदतीचा करार वर्षावर्षाचा न करता पदवीपर्यंतचा. पोरगा सोडून गेला तर करार संपला, पण कोचला नको झाला म्हणून संपणार नाही. यात कोचलाही एक शिस्त लागते. चार वर्षं सांभाळायचा पोरगा तो निवडतानाच नीट बघेल. तिसरी थोडी वादाची आहे. जागतिक फुटबॉलमध्ये फिफाच्या नियमाने हस्तांतराच्या रकमेतले पाच टक्के खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. तसाच एक लहान हिस्सा, घेणाऱ्या विद्यापीठाने आधीच्या विद्यापीठाला द्यावा. मात्र तो खेळाडूच्या वाट्यातून कापायचा नाही, आणि इतका मोठा ठेवायचा नाही की बदलच अडेल. एका सराव-हंगामाचं बर्फाचं भाडं निघालं तरी लहान कॉलेजला तेवढा आधार होईल.

आणि चाहत्यांनी, म्हणजे आपण, ड्राफ्टचा आकडा सोडून एक वेगळा तक्ता मागावा. प्रत्येक विद्यापीठाने दर वर्षीच्या भरतीचा हिशेब लावावा : इतके आले, इतके चौथ्या वर्षापर्यंत टिकले, इतके स्वतःहून गेले, इतक्यांना जा म्हटलं, इतक्यांनी पदवी घेतली. माहिती सगळी विद्यापीठांकडे असतेच. छापायला लाज वाटेल अशा दोन-चार ठिकाणी वागणूक आपोआप सुधारेल.

उत्तर अमेरिकेत राहून हिवाळ्यात पहाटे पाचला पोराला रिंकवर सोडणारे जे मराठी आईबाप असतील त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी मधेच सांगतो. तोंडी कमिटमेंट कुणालाच बांधत नाही, पोरालाही नाही आणि कॉलेजलाही नाही. लेटर ऑफ इंटेंटची, म्हणजे विद्यापीठाशी बांधून घेणाऱ्या लेखी हमीपत्राची, पद्धत ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झाली, आता लेखी मदत-करार हातात येईपर्यंत काही नक्की समजू नये. कोच घरी जेवायला आला की त्याला सरळ प्रश्न विचारावेत : तुमच्या पथकात माझ्या मुलाच्या जागेवर पुढच्या वर्षी किती जण? गेल्या तीन वर्षांत या लीगमधून घेतलेल्यांचं काय झालं? त्यांतले किती पोर्टलमध्ये गेले? मदत किती वर्षांची, आणि दुखापत झाली तर? आणि शाळेचा भाग विसरू नये : १६ ठरावीक विषय, त्यात किमान २.३ सरासरी, आणि त्यांतले दहा विषय बारावी सुरू व्हायच्या आत. ज्युनियरमध्ये एक वर्ष आणखी काढायचं असेल तर एकविसावा वाढदिवस ध्यानात ठेवावा. त्यानंतरही संघटित हॉकी चालू ठेवली तर कॉलेजचा हंगाम कापला जातो.

शेवटी एक पोरगा डोळ्यांपुढे आणून बघा. मिशिगनमध्ये वाढलेला, शाळेच्या संघाचा गोलरक्षक, यूएसएचएलमध्ये न गेलेला, टेक्सासच्या तेलपट्ट्यातल्या ओडेसा गावी एनएएचएलचा एक हंगाम काढलेला. २०१२च्या ड्राफ्टमध्ये १३०वा. मॅसॅच्युसेट्समधल्या यूमास लोवेलने त्याला घेतला. पहिल्या हंगामात गोल सांभाळायचं काम त्याने दुसऱ्याबरोबर वाटून घेतलं आणि संघ फ्रोझन फोरला गेला. दोन वर्षांत हॉकी ईस्ट या कॉन्फरन्सची दोन विजेतेपदं. हा कॉनर हेलेबक. २०२५ साली त्याला एनएचएलचा सर्वोत्तम गोलरक्षक आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही मान मिळाले. तो आज ओडेसात असता, तर लोवेलच्या कोचच्या टेबलावर त्याच्या व्हिडिओशेजारी ओएचएलमध्ये दीडशे सामने खेळलेल्या वीस वर्षांच्या गोलरक्षकाचा व्हिडिओ असता. जागा एक, आणि पहिला सामना ऑक्टोबरात.